झड, वापसा आणि युरिया : मातीतले नत्र हवेत कसे उडते?

(शेतकऱ्यांसाठीच्या आकाशवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. भाषण : कृषी विस्तार अधिकारी, बी. एस्सी. (कृषी), परभणी जिल्हा)



श्रावणात चार-सहा दिवसांची झड लागते. सूर्यदर्शन होत नाही, रानात पाय ठेवता येत नाही. झड उघडल्यावर बांधावर जाऊन पाहावे, तर आठ दिवसांपूर्वी काळेभोर हिरवे असलेले कापसाचे पीक पिवळे पडून उभे असते. मग घरोघर एकच बोलणे चालते. "खत धुऊन गेलं, आता अजून एक गोणी टाकल्याबिगर गत्यंतर नाही." गोणीसाठी दुकानापुढे रांग लागते, उसनवारी होते आणि तो युरिया तसाच चिखलात फेकला जातो. पुन्हा पाऊस येतो आणि पीक पुन्हा पिवळे दिसू लागते.

अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा. पहिल्या गोणीतले नत्र गेले कुठे? पाण्याबरोबर थोडे खाली मुरले आणि थोडे ओढ्याला गेले, हे खरे आहे. युरिया उघड्यावर पडला असेल तर थोडे अमोनियाच्या रूपाने उडून गेले, हेही खरे आहे. पण याशिवाय नत्र जाण्याची आणखी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मातीतले जिवाणू पिकाच्या नत्राचा वायू करतात आणि तो वायू हवेत निघून जातो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे ही गळती डोळ्यांना दिसत नाही. आज या तिसऱ्या वाटेची माहिती घेऊ आणि ती अडवायची कशी तेही पाहू.

गोणीतल्या नत्राचा प्रवास

युरियाच्या एका गोणीत ४५ किलो युरिया असतो आणि त्यात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे गोणीमागे साधारण २१ किलो नत्र आपण विकत घेतो. परंतु पीक हा युरिया जसाच्या तसा फारसा खात नाही. ओल्या मातीत पडल्यावर दोन-चार दिवसांत त्याचे अमोनियम होते. त्यापुढे दुसऱ्या जातीचे जिवाणू या अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामाला उबदार, भुसभुशीत, वापशावरच्या जमिनीत एक ते तीन आठवडे लागतात. कापूस, ज्वारी, गहू, ऊस ही पिके आपले बरेचसे नत्र या नायट्रेटच्या रूपातच घेतात.

अमोनियम आणि नायट्रेट यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. अमोनियम काळ्या मातीच्या कणाला चिकटून राहते, खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखे. नायट्रेट मोकळे असते. ते पाण्याबरोबर फिरते, मुळापर्यंत सहज पोचते, म्हणून पिकाला आवडते. पण मोकळे असल्यामुळे हातचे जातेही लवकर.

उन्हाळ्यात नांगरलेले रान चांगले तापले की मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलेले पीक जोमाने येते, हा आपला जुना अनुभव आहे. कोरड्या, तापलेल्या मातीला पहिले पाणी मिळाले की जिवाणू एकदम कामाला लागतात, मातीतल्या कुजलेल्या भागातून नत्र मोकळे होते आणि त्याचे नायट्रेट तयार होते. म्हणजे पेरणीच्या वेळी रानात खताचे आणि मातीचे स्वतःचे असे दोन्हीकडचे नायट्रेट जमा असते. नेमक्या अशा वेळी मोठी झड लागली तर दोन्हींवर पाणी पडते.

श्वास कोंडला की जिवाणू काय करतात?

मातीत मूठभर जागेत कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांनाही आपल्यासारखे अन्न लागते आणि श्वासाला प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. वापशावर असताना त्यातल्या काहींत पाणी आणि काहींत हवा असते. झड लागली की जवळजवळ सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू फार सावकाश सरकतो. जो थोडा शिल्लक असतो तो मुळे आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू मरगळतात. पण काही जाती अशा आहेत की त्यांना दुसरी सोय ठाऊक असते. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी मिळेना, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी रेशनची लाल मिलो खाऊन दिवस काढले. आवडीने नव्हे, नाइलाजाने. तसेच हे जिवाणू करतात. हवेतला प्राणवायू मिळत नाही म्हणून ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात.

नायट्रेट म्हणजे नत्राच्या एका कणाला प्राणवायूचे तीन कण जोडलेले. मक्याच्या कणसाची पाने एकेक सोलावी तसा जिवाणू त्यातला प्राणवायू काढत जातो. नायट्रेटचे नायट्राइट होते, नायट्राइटचा नायट्रिक ऑक्साइड वायू होतो, त्यापासून नायट्रस ऑक्साइड वायू होतो आणि सर्व प्राणवायू निघून गेल्यावर शेवटी शुद्ध नत्र वायू उरतो. हा वायू बुडबुड्यासारखा वर येऊन हवेत मिसळतो. शास्त्राच्या पुस्तकात या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. फ्रान्समधील बोर्दो शहरात गेयाँ आणि द्युपेती या दोन शास्त्रज्ञांनी हे काम जिवाणू करतात हे १८८० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले आणि अशा जिवाणूंच्या दोन जाती वेगळ्या काढल्या. सांडपाण्यातले नायट्रेट नाहीसे का होते याचा ते शोध घेत होते.

कोणी म्हणेल, नत्र हवेत गेले तर गेले, हवेतून परत येईल. हवेत नत्राला तोटा नाही हे खरे आहे. हवेचा ७८ टक्के भाग नत्रच आहे. आपल्या प्रत्येक एकर रानाच्या डोक्यावर तीस हजार टनांहून अधिक नत्र उभे आहे. परंतु कापसाला किंवा ज्वारीला त्यातला कणही सरळ घेता येत नाही. ते पकडण्याची कला तुरीच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना आणि अशाच काही मोजक्या जिवाणूंना साधलेली आहे. बाकी सर्व पिकांसाठी उडालेले नत्र गेले ते गेलेच. ते पुन्हा गोणीतून विकत आणावे लागते.

आपल्या काळ्या रानात हे जास्त का होते?

या क्रियेला तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, मातीत तयार नायट्रेट. दुसरी, हवेचा अभाव. तिसरी, जिवाणूंना खायला कुजणारा पदार्थ. शिवाय जमीन उबदार असली की काम झपाट्याने चालते. या तिन्हींपैकी एक जरी काढून घेतली तरी क्रिया थांबते किंवा मंदावते. आजच्या भाषणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पुढे सांगितलेला प्रत्येक उपाय या तिन्हींपैकी कोणती ना कोणती गोष्ट काढून घेण्यासाठीच आहे.

आता आपले रान डोळ्यांपुढे आणा. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठची परभणी जिल्ह्यातली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जाण्याची वाट बंद होते. हलक्या मुरमाड रानात पाऊस थांबताच काही तासांत हवा खेळते. भारी रानात मात्र दिवस मोजावे लागतात. ऊब तर पावसाळ्यातही असतेच.

शिवाय आपला पाऊस खंड देऊन पडतो. पंधरा दिवस उघाड आणि मग एकदम झड. उघाडीत वापसा असताना अमोनियमचे नायट्रेट तयार होते. मग झड येते, श्वास कोंडतो आणि त्या तयार नायट्रेटचा वायू होतो. पुन्हा उघाड, पुन्हा नायट्रेट, पुन्हा झड. रान सतत कोरडे असते तर हे झाले नसते. आणि सतत पाण्याखाली असते तरी इतके झाले नसते.

हे दुसरे बोलणे काहींना खरे वाटणार नाही, म्हणून कोकणातल्या भाताचे उदाहरण देतो. भाताचे खाचर तर पाण्यानेच भरलेले असते. मग तिथे नत्र टिकते कसे? डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातलागवडीची पद्धत दिली. तिच्यात युरिया आणि डीएपी यांची दाबून केलेली गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. एवढ्या खोलीवर हवा नसते. त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होतच नाही. नायट्रेटच नाही तर वायू कशाचा होणार? नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहते आणि भाताचे मूळ ते तिथून उचलते. आपल्याला कोकणासारखे पाणी बांधून ठेवायचे नाही, कापूस-सोयाबीनला ते चालणार नाही. पण खत मातीआड असावे आणि अमोनियम जास्त दिवस टिकावे, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

पिवळे पान काय सांगते?

झडीनंतर पीक पिवळे दिसले की सरसकट नत्राची कमतरता समजू नये. बांधावरून न पाहता रानात उतरून पान हातात घ्यावे.

खालची, जुनी पाने आधी आणि सारखी पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडले आहे. झाड आपल्या जुन्या पानातले नत्र काढून शेंड्याला देते, म्हणून खालून सुरुवात होते.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की सोयाबीन असे दिसते. तिथे युरिया टाकून काही उपयोग नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारावे.

आणि सगळे झाडच मलूल होऊन पाने खाली झुकली असतील तर मुळांचा श्वास कोंडला आहे. अशा झाडापुढे नत्राची रास ओतली तरी ते घेणार नाही. ज्याचा श्वास कोंडला त्याच्यापुढे पंचपक्वान्नाचे ताट ठेवून काय फायदा? त्याला आधी हवा द्यावी लागते.

काय करावे?

पहिले काम पाण्याला वाट देणे. उपाय पेरणीआधीच सुरू होतो. रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे बीबीएफ यंत्राने पेरणी केली की पीक वरंब्यावर राहते आणि जादा पाणी सरीने बाहेर पडते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने खोल काळ्या जमिनीसाठी ही पद्धत १९७० च्या दशकात पुढे आणली. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही सोयाबीनसाठी तिची शिफारस करते. पाऊस कमी पडला तर त्याच सरीत पाणी मुरते, म्हणजे दोन्ही वर्षांत फायदा.

यंत्र मिळाले नाही आणि सपाट पेरणी झाली असेल तरी हरकत नाही. शेवटच्या कोळपणीच्या वेळी कोळप्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर एक सरी ओढावी. रानाच्या उताराकडच्या बाजूला एक चर खोदून या सऱ्या त्याला जोडाव्यात. चराचे पाणी शेजाऱ्याच्या पिकात सोडू नये. बांधावरचे दोघे-तिघे मिळून ओढ्यापर्यंत एक वाट काढली तर भांडणही टळते आणि सर्वांची राने मोकळी होतात.

दुसरे काम वापशाची वाट पाहणे. झड उघडल्या दिवशी युरिया फेकण्याची घाई करू नये. साचलेल्या पाण्यात पडलेल्या युरियाचे आपल्या विम्लधर्मी जमिनीत बरेचसे अमोनिया होऊन उडते. जे उरते त्याचे पुढे नायट्रेट होते आणि पुढच्या झडीला तेही वायूच्या वाटेला लागते. एकच गोणी दोन दारांनी बाहेर जाते. वापसा ओळखण्याची साधी खूण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. चार बोटे खालची माती मुठीत घेऊन लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. लाडू फुटला तर वापसा आला. नुसता चपटा झाला तर अजून थांबावे. खालची माती निळसर-करडी दिसली, तिला नासका वास आला, तर तिथे अजून हवा पोचलेली नाही.

वापसा येताच हलकी कोळपणी करावी. वरची खपली फुटली की हवा आत शिरते, मुळे श्वास घेतात आणि वायू करणाऱ्या जिवाणूंचे काम आपोआप थांबते. कोळपणी हे केवळ तण काढण्याचे काम नाही. श्वास कोंडलेल्या रानाला ते पहिले औषध आहे.

तिसरे काम, तोपर्यंत पिकाला वरून आधार देणे. ऊन पडल्यावर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, म्हणजे २ टक्क्यांचे द्रावण, पानांवर फवारता येते. कापसावर १३:००:४५ हे विद्राव्य खत १० लिटरला १०० ग्रॅम घेऊन फवारले तरी चालते. दोन्हींपैकी एकच घ्यावे आणि फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावी. पानाने घेतलेले नत्र मातीत जातच नाही, त्यामुळे जिवाणूंच्या हाती लागत नाही. मात्र फवारणी म्हणजे पेज, जेवण नव्हे. पीक सावरेपर्यंतच तिचा उपयोग.

चौथे काम, नत्र हप्त्याने देणे. रानात जेवढे नायट्रेट एका वेळी साठलेले असेल तेवढेच झडीत जाऊ शकते. कोरडवाहू बीटी कपाशीला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी ४८ किलो. ते पेरणीबरोबर, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन हप्त्यांत द्यावे. सारखे तीन भाग केले तर एका हप्त्याला एकरी १६ किलो नत्र येते, म्हणजे सुमारे ३५ किलो युरिया, पाऊण गोणी. मिश्रखतातून जे नत्र गेले असेल ते यातून वजा करावे. हप्त्याची तारीख पंचांगातल्यासारखी ठरलेली धरू नये. विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर चार दिवस थांबावे. हप्ता आठ दिवस पुढे गेल्याने पीक मरत नाही, झडीत गेलेला हप्ता मात्र परत येत नाही.

पाचवे, खत मातीआड करणे. ओळीच्या बाजूने, खोडापासून चार बोटे अंतरावर काकरी करून युरिया द्यावा आणि मातीने झाकावा. फेकून दिलेल्या युरियापेक्षा झाकलेला युरिया अमोनिया होऊन कमी उडतो. २०१५ पासून देशात तयार होणारा सर्व युरिया निंबोळी तेल लावलेला असतो. निंबोळीमुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. म्हणजे जनावर खुंट्याला थोडे जास्त दिवस बांधलेले राहते. पण दावे कायमचे नाही. निंबोळीचा युरिया आहे म्हणून पाणथळ रानात टाकला तरी चालेल असे कोणी समजू नये. तसेच ज्या खतात नत्र आधीच नायट्रेटच्या रूपात असते, ते झडीच्या तोंडावर जमिनीतून देऊ नये.

सहावे, शेणखत कुजलेलेच घालणे. कच्चे शेण किंवा हिरवा पाला ऐन पावसात रानात गाडला आणि वरून युरिया दिला, तर जिवाणूंना पंगत मिळते. ते राहिलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात आणि मग नायट्रेटकडे वळतात. याचा अर्थ शेणखत वाईट असा मुळीच नाही. चांगले कुजलेले शेणखत उन्हाळ्यात पसरून मातीत मिसळावे. त्याने मातीचे कण सुटे राहतात, निचरा सुधारतो आणि पाणी लवकर जिरते. उकिरड्यावरून कच्चा माल थेट रानात नेऊ नये, एवढेच सांगणे आहे.

आणि शेवटचे, रान मोकळे ठेवू नये. नायट्रेटचा सर्वांत चांगला राखणदार म्हणजे वाढते मूळ. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्या की तुरीचे खोल मूळ खालच्या थरातले नायट्रेटही उचलते. रब्बी ज्वारीसाठी राखलेले रान खरिपात रिकामे ठेवण्यापेक्षा, जिथे पाण्याचा निचरा होतो तिथे मूग घ्यावा. सोयाबीनला पेरणीबरोबर दिलेले नत्र पुरते. झडीनंतर त्याला युरियाचा वरखत हप्ता देऊ नये. त्याच्या गाठी हवेतून नत्र घेतात आणि त्या गाठींनाही हवाच लागते, म्हणून तिथेही पहिला उपाय निचराच.

ओलिताखालच्या रानासाठी

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर ज्यांचा ऊस, हळद आणि गहू आहे त्यांना झड आपल्याच हाताने आणता येते, म्हणून जपले पाहिजे. रात्रीची वीज येते, मोटार सुरू करून आपण झोपतो आणि सकाळी सरी तुडुंब भरलेली असते. आठ-पंधरा दिवसांपूर्वी युरिया दिलेला असेल, तर त्याचे नायट्रेट नेमके त्याच वेळी तयार झालेले असते. अशा रानात रात्रभर पाणी तुंबले की पावसाळ्यात जे होते तेच इथेही होते. चिबड झालेल्या रानात तर ते वर्षभर चालते.

युरिया दिल्यावर लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे तो मातीत उतरतो. त्यानंतरची पाणी पाळी मोजकी ठेवावी, पाणी सरीत साचू देऊ नये. उसाला नत्र चार वेळा विभागून द्यावे. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के. गव्हाला निम्मे नत्र पेरणीबरोबर आणि निम्मे २१ दिवसांनी पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे. हळद गादीवाफ्यावर घ्यावी. ठिबक असेल तर नत्र थोडे थोडे करून दर आठवड्याला पाण्यातून देता येते. मुळापाशी एका वेळी फार नायट्रेट साठत नाही आणि रान तुंबतही नाही. तीनपैकी दोन गोष्टी एकाच वेळी काढून घेतल्या जातात.

थोडे गावाबाहेरचे

हे जिवाणू आपले वैरी आहेत असे मात्र मनात धरू नका. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढले तर ते पिण्यास, विशेषतः तान्ह्या मुलांना, घातक ठरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. ओढ्याकाठच्या गाळात हेच जिवाणू वाहून आलेले नायट्रेट काढून टाकतात आणि पाणी शुद्ध करतात. हवेतले नत्र मातीत येते ते रायझोबियममुळे आणि मातीतले परत हवेत जाते ते या जिवाणूंमुळे. निसर्गाचे हे रहाटगाडगे फार जुने आहे. आपला आग्रह एवढाच की आपण पैसे मोजून आणलेले पोहरे पिकाच्या पाटात रिकामे व्हावेत, परत विहिरीत नकोत.

या व्यवहारात जगाचेही थोडे नुकसान आहे. सोलण्याचे काम अर्ध्यावर राहिले की नायट्रस ऑक्साइड वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो, आणि उन्हातील घातक किरण अडवणाऱ्या ओझोनच्या थरालाही तो झिजवतो. मातीत गरजेपेक्षा जास्त नायट्रेट साठले की हा वायू अधिक सुटतो. म्हणजे मोजून नत्र देणारा शेतकरी आपली गोणीही वाचवतो आणि हवाही राखतो.

हिशेब आणि एक प्रयोग

समजा, एका झडीत एकरी १० किलो नत्र उडाले. म्हणजे २२ किलो युरिया, जवळजवळ अर्धी गोणी. पाच एकरांवर अडीच गोण्या. त्यात रांगेतला दिवस, मजुरी आणि वाहतूक धरा. पण खरे नुकसान गोणीचे नाही. पाते-बोंडे लागण्याच्या दिवसांत पीक पंधरा दिवस उपाशी राहिले, तर जे उत्पन्न जाते ते नंतर कितीही युरिया टाकून भरून येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड भागात अतिवृष्टी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाडाभर पाणीच पाणी झाले. एवढ्या महापुरापुढे सरी आणि चर कमी पडतात, हे कबूल. पण दरवर्षी येणारी चार दिवसांची झड मात्र आपल्या आवाक्यातली आहे.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः करून पाहा. कापसाच्या एका तुकड्यात दहा ओळींना झडीनंतर लगेच चिखलात युरिया द्या. शेजारच्या दहा ओळींत आधी सरी ओढून पाणी काढा, वापसा येऊ द्या, कोळपा, आणि मग तेवढाच युरिया मातीआड द्या. दोन्हीकडे खुंट्या ठोकून ठेवा. पंधरा दिवसांनी पाने पाहा, वेचणीला कापूस वेगळा मोजा. गावातल्या चार जणांना बोलावून दाखवा. रानाने दिलेली साक्ष कुठल्याही भाषणापेक्षा मोठी असते.

लक्षात ठेवा

१. नायट्रेट, कोंडलेली हवा आणि कुजणारा पदार्थ एकत्र आले की नत्राचा वायू होतो. यातली एक गोष्ट तरी काढून घ्या.
२. आधी पाणी काढा, मग वापसा, मग कोळपणी आणि मग युरिया. हा क्रम उलटा करू नका.
३. साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात युरिया फेकू नका.
४. नत्र हप्त्याने आणि हवामानाचा सल्ला पाहून द्या, मातीने झाका.
५. पिवळे पान हातात घेऊन पाहा. खालचे पिवळे असेल तर नत्र, शेंड्याचे पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोह.
६. शेणखत कुजलेले घाला, तेही पावसाआधी.
७. सोयाबीनला झडीनंतर युरिया नको, निचरा हवा.

यंदाच्या पेरणीआधी आपल्या रानात पाणी कुठे साचते ती जागा आठवा आणि तिथली सरी व चर आताच आखून ठेवा. माती तपासून घ्या आणि काही अडचण आल्यास आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.